फी माफ, पण खर्च?

प्रश्न : मुलीला जर्मनीत एमएस करायचे आहे. तिथे फी नसते म्हणतात. मग किती पैसे लागतील? शेत तारण ठेवावे का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरे. मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात भारतीयांना दर सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. खरा भार राहण्या-खाण्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात. तिथे गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. युरो शंभर रुपये धरला तरी हे बारा लाख झाले. विमान, खोलीची अनामत, पहिल्या महिन्याची भांडीकुंडी वेगळी. म्युनिकमध्ये ९९२ युरोंत भागवणे फार कठीण. लाइपझिगसारख्या शहरात ओढाताण कमी होते. शहर निवडतानाच बजेट ठरते, हे तिला आत्ताच सांगा. अर्धवेळ कामाची कमाई पहिल्या वर्षाच्या हिशेबात धरू नका.

आपण अनुसूचित जातीचे वा नवबौद्ध असाल, तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आधी पाहा. बाबासाहेबांच्या लंडनच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या आपल्याच राजाच्या नावाची ती आहे.

शेत शेवटी. आधी दोन-तीन बँकांत विनातारण शैक्षणिक कर्जाची चौकशी करा.