सरळ काठीचे वाकडे प्रश्न

गेल्या वर्षी मी एक क्यू बनवायला घेतला होता. क्यू म्हणजे पूल खेळायची काठी. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये टेबल आहे, चेंडू आहेत, पण चारही काठ्या अशा वाकलेल्या की टेबलावर ठेवून फिरवल्या तर नाचतात. "आपण मेकॅनिकलवाले, आणि आपल्याला एक काठी टर्न करता येऊ नये?" असं म्हणून वखारीतून सागवानाची एक दांडी आणली, वर्कशॉपमधल्या लाकडाच्या लेथवर चढवली... पुढची फजिती सांगतोच. पण त्या फजितीच्या निमित्ताने या विषयात शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही. आमच्याच होस्टेलचा एक सीनियर सध्या अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ नोकरी करतो. त्याला फोनवर रडगाणं सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, इथे हे क्यू बनवणाऱ्यांचे आणि जमवणाऱ्यांचे मेळावे भरतात. मी जाऊन आलोय."

मेळावा? काठ्यांचा? मी हसलो. तो हसला नाही.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे क्यू म्हटलं की बिलियर्ड्स-स्नूकरचा क्यू आठवतो. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, तेव्हापासून या खेळाशी आपलं नातं आहे. पण तो क्यू वेगळा. तो बहुधा अ‍ॅश लाकडाचा, टोकाला ९-१० मिमी जाड, दिसायला साधा. अमेरिकन पूलचा चेंडू मोठा, ५७ मिमी व्यासाचा. म्हणून क्यूही दणकट : लांबी साधारण ५८ इंच, वजन १८ ते २१ औंस म्हणजे पाचशे-सहाशे ग्रॅमच्या आसपास, टोक १२-१३ मिमी. मधोमध सांधा. पुढच्या अर्ध्याला शाफ्ट म्हणतात, तो हार्ड मेपलचा. मागचा अर्धा म्हणजे बट, आणि सगळी नक्षी, जडावकाम, मिरवामिरवी या बटावर. शाफ्टच्या टोकाला फेरूल नावाची छोटी नळी आणि तिच्यावर चामड्याची टिप. मुठीच्या जागी आयरिश लिननचा दोरा घट्ट गुंडाळलेला, नाहीतर चामडं. झाला क्यू. ड्रॉइंग काढायला सांगितलं तर फर्स्ट इयरचा मुलगा तासाभरात काढून देईल.

आता बनवून दाखवा!

शाफ्टची लांबी २९ इंच, म्हणजे ७३७ मिमी. टोकाचा व्यास १३ मिमी. भागाकार केला तर लांबी व्यासाच्या सुमारे ५७ पट येते. दोन सेंटरमध्ये धरलेली इतकी सडपातळ दांडी टूल लागताच मधे वाकते, मागे सरते, थरथरते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधलं सूत्र आठवा : वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. म्हणजे व्यास निम्मा केला की वाक सोळापट. त्यामुळे क्यू बनवणारे बरेच कारागीर लेथच्या टूलने शाफ्ट कापतच नाहीत. दांडी हळूहळू फिरत असते आणि वेगाने फिरणारं राउटरचं किंवा करवतीचं पातं टेपरच्या पट्टीवरून सरकत येऊन अगदी पातळ थर काढतं. दांडीवर जोर पडतच नाही.

मी मात्र छिन्नी दाबून एका दुपारी दांडी उतरवली. संध्याकाळी ती सरळ होती, शपथेवर सांगतो. आठ दिवसांनी पाऊस सुरू झाला आणि काठीचं धनुष्य झालं. वर्कशॉपच्या मामांना दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून काठीवरून नजर फिरवली आणि विचारलं, "किती वेळात उतरवलीस?" म्हटलं, "मामा, दीड तासात." "मग दीड तासाचीच झाली की रे!"

मामांचं बोलणं नीट समजायला मला बरंच वाचावं लागलं. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं. हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात साधारण ६ टक्के पाणी उरतं. पावसाळ्यात ती ८५ टक्क्यांवर गेली की १७-१८ टक्के. आणि लाकूड सगळ्या दिशांनी सारखं फुगत किंवा आटत नाही. हार्ड मेपल ओल्याचं पूर्ण कोरडं होताना त्रिज्येच्या दिशेने सुमारे ४.८ टक्के आटतं, पण वाढीच्या कड्यांना समांतर ९.९ टक्के. जवळपास दुप्पट! त्यात दांडीतले धागे तिरपे गेले असतील तर फुगवटा एका अंगाला जास्त होतो आणि काठी वाकते. शिवाय झाडाच्या वाढीचे ताण लाकडात अडकून असतात. बाहेरचा थर काढला की आतल्या ताणाचा तोल बिघडतो. एकदम उतरवलंत तर सगळा बिघाड शेवटी, तयार मापावर दिसतो, आणि तेव्हा काढून टाकायला लाकूडच शिल्लक नसतं.

म्हणून चांगला कारागीर काय करतो? जाड चौकोनी मेपल घेतो, गोल करतो आणि टांगून ठेवतो. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी बघतो. जी दांडी वाकली ती बाद. जी टिकली तिचा एक पातळ थर काढतो, पुन्हा टांगतो. असं करत शेवटच्या मापाला यायला कधी वर्ष जातं, कधी त्याहून जास्त. प्रत्यक्ष कापायचा वेळ एकूण तासाभराचाही नसेल. बाकी सगळं थांबणं. हा थांबण्याचा वेळ ड्रॉइंगवर दाखवायला कुठलंही चिन्ह नाही, आणि गिऱ्हाइकाने तो ओळखायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. मेळावे त्यासाठीच भरत असावेत असं मला वाटतं.

आमचा सीनियर गेला होता तो सुपर बिलियर्ड्स एक्स्पो. अ‍ॅलन हॉपकिन्स या व्यावसायिक खेळाडूने १९९३ साली सुरू केलेला, पेनसिल्व्हेनिया राज्यात भरणारा. एका बाजूला टेबलांच्या रांगांवर सामने चालू, दुसऱ्या बाजूला दुकानं आणि कारागिरांची टेबलं. जानेवारीत लुइव्हिल शहराजवळ डर्बी सिटी क्लासिक भरते, १९९९ पासूनची. तिथेही खेळणारे आणि बनवणारे असेच एका छपराखाली असतात. कारागीर स्वतःच्या टेबलामागे बसलेला, समोर कापडावर त्याचे क्यू. जमवणारे येतात, विचारून हातात घेतात. "फार कमी बोलतात रे," सीनियर सांगत होता, "आपल्याकडे मुलगी बघायला आल्यावर वडीलधारे बघतात ना गप्प बसून, तसं चालतं."

काय बघतात? आधी सांध्यातून क्यू सुटा करून शाफ्ट आणि बट वेगवेगळे टेबलावर लोटतात, मग जोडून पुन्हा लोटतात. दोन्ही भाग सुटे सरळ आणि जोडल्यावर टोक उड्या मारतंय, तर दोष सांध्याच्या पृष्ठभागांत : ते अक्षाला काटकोनात नाहीत. सांधा उजेडासमोर धरून फट दिसते का बघतात. बटाचं बूड तळहातावर हळूच आपटतात. आत स्क्रू किंवा डिंकाचा जोड सैल असेल तर बारीक गुणगुण ऐकू येते. शाफ्टवर वाढीच्या रेषा किती दाट आहेत तेही काही जण मोजतात. माझ्या मते रेषा दाट आहेत की विरळ यापेक्षा त्या टोकापासून सांध्यापर्यंत सरळ जातात की मधेच कडेला बाहेर पडतात हे महत्त्वाचं. पण मोजण्यात गंमत असते हे मान्य.

सगळ्यात मजेशीर परीक्षा मात्र बटावरच्या टोकदार पाकळ्यांची. पूलच्या क्यूवर मुठीच्या पुढे उभे, भाल्यासारखे त्रिकोण दिसतात. ते रंगवलेले नसतात. मेपलच्या दांडीत व्ही आकाराच्या लांब तिरप्या खाचा पाडून त्यांत आबनूस किंवा शिसवासारखं गडद लाकूड चिकटवतात, मधे रंगीत व्हिनिअरचे पापुद्रे लावतात आणि मग सगळं गोल उतरवतात. खाच जिथे उथळ होत पृष्ठभागाला मिळते तिथे टोक दिसतं. चारही टोकं एका उंचीवर आली पाहिजेत. आता गणित करू. धरा, खाच २५० मिमी लांबीत १० मिमी चढते, म्हणजे १:२५ चढ. उतरवताना दांडीचा अक्ष फक्त ०.१ मिमी सरकला तर एका बाजूचं टोक २.५ मिमी वर जाईल, समोरचं २.५ मिमी खाली. ०.१ मिमीची चूक ५ मिमी होऊन डोळ्यांना दिसली! कारागिराने स्वतःच्या चुकीला पन्नासपट मोठं करणारं भिंगच क्यूवर बसवून ठेवलंय. मेट्रॉलॉजीच्या सरांनी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

इथेच वादही आहे. सीएनसीने खळगा कोरून तसाच त्रिकोण बसवता येतो. पण गोल फिरणारा कटर आतल्या कोपऱ्यात त्याच्या त्रिज्येइतका गोलवा सोडतोच, त्यामुळे त्रिकोणाचं टोक जवळून बघितलं तर बोथट. खाचेतून आलेलं टोक सुईसारखं. जुने जाणते जमवणारे म्हणतात, बोथट टोक म्हणजे मशीनचं काम. सीएनसीवाले म्हणतात, आम्ही जी नक्षी कोरतो ती तुमच्या खाचेतून येणारच नाही. दोघांचंही खरं आहे. मी मात्र सुईच्या बाजूने आहे, कारण तिथे चूक लपत नाही.

जमवणाऱ्यांच्या जगात एक नाव वारंवार येतं : जॉर्ज बलाबुश्का. १९१२ साली रशियात जन्म, लहानपणी अमेरिकेत आला, न्यूयॉर्कमध्ये सुतारकाम केलं आणि १९५९ पासून क्यू बनवू लागला. १९७५ ला वारला. त्याने केलेले क्यू हजाराच्या घरात, म्हणून किंमत प्रचंड. 'द कलर ऑफ मनी' या १९८६ च्या सिनेमात बलाबुश्का म्हणून जो क्यू मिरवतो तो प्रत्यक्षात जॉस कंपनीने तसा दिसेल असा बनवलेला होता. आता अडचण बघा. खाचा पाडून जोडलेला बटाचा कच्चा ठोकळा बलाबुश्का बरेचदा दुसऱ्याकडून घ्यायचा : ब्रन्सविक कंपनीचे टायटलिस्ट क्यू कापून, नंतर बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी या कारागिरांकडून. तेच ठोकळे इतरांनाही मिळायचे. मग निव्वळ नक्षी बघून हा क्यू बलाबुश्काचा हे सांगायचं कसं? नकली मालही भरपूर निघाला. अशा वेळी ज्याने अस्सल पन्नास क्यू हाताळलेत त्याच्या हातात तुमचा क्यू द्यायचा आणि तो काय म्हणतो ते ऐकायचं. कागदावर सही आणि शिक्का असूनही माणसं त्यासाठी प्रवास करून येतात.

आता जरा दुखरी बाजू. क्यूच्या मध्याच्या उजवीकडे टिप लावून चेंडूला फिरकी दिली तर चेंडू सरळ न जाता किंचित डावीकडे सुटतो. कारण टिप आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम एक मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात फिरणारा चेंडू टिपेला बाजूला ओढतो आणि प्रतिक्रिया म्हणून स्वतः उलटीकडे सरकतो. दोन अंशांचा फरक धरा. दोन मीटरवर तो ७ सेंटिमीटर होतो, चेंडूच्या व्यासाहून जास्त! हा फरक शाफ्टच्या टोकाकडच्या वीतभर भागाच्या वस्तुमानावर अवलंबून असतो, कारण एका मिलिसेकंदात आडवा धक्का त्याच्या फार पुढे पोचतच नाही. म्हणजे काय? बटावरचं ते सगळं जडावकाम, त्या सुईसारख्या पाकळ्या, यांचा या बाबतीत उपयोग शून्य! प्रेडेटर कंपनीने १९९० च्या दशकात टोक हलकं केलेला शाफ्ट आणला आणि २०१६ मध्ये कार्बन फायबरचा. कार्बनच्या नळीला पावसाळा माहीत नाही. ती टांगून ठेवावी लागत नाही. वर्षभर थांबून मेपल जपणाऱ्या कारागिराला हे ऐकून काय वाटत असेल? सीनियरने सांगितलं की बरेच जण आता बट स्वतःचा घडवतात आणि पुढे गिऱ्हाईक म्हणेल तो कार्बनचा शाफ्ट जोडून देतात. पोटाचा प्रश्न आहे.

मालाचाही प्रश्न आहे. जुन्या नामांकित क्यूंमध्ये फेरूल आणि जडावाला हस्तिदंत असायचा. १९९० पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी राज्यांनी २०१४ मध्ये विक्रीवर निर्बंध घातले आणि जुलै २०१६ पासून अमेरिकेने देशांतर्गत व्यापारही जवळपास बंद केला. थोडी सूट आहे, पण आपल्या वस्तूतला दंत जुना आहे हे विकणाऱ्याने दाखवायचं. फिलाडेल्फियाहून नदी ओलांडली की न्यू जर्सी! एका तीरावरचा नियम दुसऱ्या तीरावर चालत नाही. काहींची आयुष्याची जमवाजमव अशी अडकून पडली. हत्ती वाचावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही; पण तीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला क्यू आता विकता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसाचंही मला वाईट वाटतं. २०१७ मध्ये तर आपल्या शिसवासकट त्या कुळातली सगळी लाकडं परवान्याच्या यादीत आली. २०१९ मध्ये तयार वस्तूंना थोडी ढील मिळाली.

माझं म्हणाल तर मामांनी शोधून दिलेली दुसरी दांडी, सरळ धाग्याची, जुन्या खाटेच्या गातातली, खोलीच्या छताला दोरीने टांगलेली आहे. जूनपासून दोन थर काढले. रूम पार्टनरने पावसाळ्यात तिच्यावर टॉवेल वाळत घातला म्हणून आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. परवा काचेवर लोटून बघितली, मधे पोस्टकार्डाइतकी फट आहे. तिसरा थर दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. मामा म्हणतात, संक्रांतीपर्यंत हात लावू नकोस.