प्रार्थनेंतील विश्वास व धीर

शास्त्रपाठ : १ शमुवेल १:१–२०, लूक १८:१–८, २ करिंथ १२:७–१०.



एका रविवारीं उपासना संपल्यावर आमच्या मंडळींतील एका वृद्ध बाईनें मला एकीकडे बोलावून विचारिलें, "पाळकसाहेब, माझा मुलगा भांडून घरांतून गेला त्याला तीन वर्षें झालीं. मी रोज प्रार्थना करितें. शेजारीण म्हणते, एकदां नवस बोलून पाहा. माझ्या प्रार्थनेंत कांहीं चूक आहे काय?" मी सेमिनरींत प्रार्थनेविषयीं पुष्कळ शिकलों होतों, परंतु त्या दिवशीं "मावशी, धीर धरा," ह्यापलीकडे मला कांहीं बोलतां आलें नाहीं. धीर धरा म्हणजे काय करा, हें मीं तिला सांगितलें नाहीं. असाच प्रश्न आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत आहे. कोणाचें मूल दुखण्यांतून उठत नाहीं, कोणाच्या विहिरीस पाणी लागत नाहीं, कोणाचा नवरा दारू सोडीत नाहीं. म्हणून आज शास्त्राच्या आधारें ह्या गोष्टीचा विचार करूं.

१. देव त्या न्यायाधीशासारखा नाहीं.

प्रभूनें एका विधवेचा दाखला सांगितला आहे. तिच्या गांवचा न्यायाधीश देवाला भीत नसे व माणसाची भीड धरीत नसे. ती वारंवार जाऊन त्याच्यापुढें उभी राही. शेवटीं, ही आपला पिच्छा सोडणार नाहीं, असें पाहून त्यानें कंटाळून तिचा न्याय केला. आपल्यापैकीं ज्यांनीं जमिनीच्या तंट्यासाठीं कचेरीचे उंबरठे झिजविले आहेत, त्यांस हा दाखला समजाविण्याची गरज नाहीं. परंतु पुष्कळ लोक येथें एक चूक करितात. ते समजतात कीं देवही असाच आहे. त्याला पुष्कळ त्रास दिला म्हणजे तो ऐकतो. प्रभूचा भावार्थ ह्याच्या अगदीं उलट आहे. अन्यायी मनुष्यदेखील शेवटीं ऐकतो, तर जो बाप आहे तो किती अधिक ऐकेल! आपण पुन्हां पुन्हां प्रार्थना करितों ती त्याचा कंटाळा जागा करण्यासाठीं नव्हे. मूल आईला जसें पुन्हां पुन्हां हांक मारितें तशी ती आपली हांक आहे. शिवाय दाखल्याच्या शेवटीं प्रभु स्वतःच एक प्रश्न विचारितो : मनुष्याचा पुत्र येईल तेव्हां त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? देव ऐकतो कीं नाहीं, ह्याची त्याला शंका नाहीं. आम्ही टिकूं कीं नाहीं, हें तो विचारितो.

२. हन्नेचें तोंड केव्हां उजळलें?

हन्ना वर्षानुवर्षें शिलो येथें जात असे, आणि तिची सवत तिला मूल नाहीं म्हणून टोंचून बोलत असे. एका वर्षीं तिनें देवापुढें इतकें रडून प्रार्थना केली कीं एली याजकाला ती मद्य प्यालेली आहे असें वाटलें. कोणी म्हणेल, तिनेंही नवसच केला. होय, तिनें नवस केला. पण तो कसा, हें पाहा. आपल्या गांवच्या चालीप्रमाणें नवस म्हणजे एक करार असतो : मूल मला दे, मी तुला नारळ किंवा कोंबडें देईन, मूल माझें राहील. हन्नेनें मूलच देवाचें करून टाकिलें. तिनें देवाला किंमत दिली नाहीं. जें मागितलें तेंच त्याच्या हातीं ठेविलें.

आतां अठरावें वचन नीट वाचा. एलीनें तिला शांतीनें जा असें सांगितल्यावर ती परत गेली, जेवली, आणि तिचें तोंड पुन्हां उदास राहिलें नाहीं. शमुवेल कोठें होता? अजून त्याचा पत्ता नव्हता. सवत तीच होती, घर तेंच होतें. उत्तर हातीं येण्याच्या आधींच तिला शांति मिळाली, कारण तिनें आपलें ओझें देवापाशीं ठेविलें व घरीं परत नेलें नाहीं. बंधूंनो, ह्यालाच विश्वास म्हणतात.

३. धीर धरणें म्हणजे रिकामें बसणें नव्हे.

याकोबानें आपल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत शेतकऱ्याचें उदाहरण दिलें आहे. त्याच्या देशांत पहिला पाऊस पेरणीच्या वेळीं, आपल्या दिवाळीच्या सुमारास पडे, आणि शेवटचा पाऊस पीक भरण्याच्या वेळीं, फाल्गुन-चैत्राच्या सुमारास. मधले महिने शेतकरी वाट पाही. आपणही मृगाची वाट पाहतों. परंतु आपल्यांत असा कोणी शहाणा आहे काय, कीं जो पेरलेलें बीं रोज उकरून पाहतो? आणि असा तरी कोण आहे, जो पेरून घरीं झोंपतो? शेतकरी निंदणी करितो, राखण करितो, बांध घालितो. उगवणें मात्र देवावर सोडितो.

म्हणून ज्याचें मूल आजारी आहे त्यानें प्रार्थना करावी आणि दवाखान्यांतही न्यावें. औषध बंद करणें हा विश्वास नव्हे. ज्याचें भावाशीं वैर आहे त्यानें समेटासाठीं प्रार्थना करावी आणि त्याच्या दाराशीं आपण होऊन जावें.

४. उत्तर निराळें आलें तर?

पौलानें आपल्या शरीरांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनंति केली. कांटा निघाला नाहीं. तो सोसण्यास पुरेल इतकी कृपा मिळाली. गेथशेमाने बागेंत खुद्द प्रभूनें तीनदां प्रार्थना केली आणि प्याला टळला नाहीं. विश्वास कमी पडला म्हणून असें झालें, असें ह्या दोहोंविषयीं कोण म्हणेल?

विल्यम केरी साहेबांचें चरित्र हेंच शिकवितें. ते १७९३ सालच्या नोव्हेंबरांत बंगाल्यांत उतरले. सात वर्षें उपदेश करूनही एकही हिंदु बंधु बाप्तिस्म्यास उभा राहिला नाहीं. त्या वर्षांत ते बंगाली शिकले व नव्या कराराचें भाषांतर करीत राहिले. शेवटीं श्रीरामपुरीं (हें हुगळीकांठचें, आपल्या प्रवरेकडचें नव्हे) कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा खांदा निखळला. तो बसविण्यास थॉमस डॉक्टर गेले, आणि त्या निमित्तानें त्यानें शुभवर्तमान ऐकिलें. २८ डिसेंबर १८०० रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढच्याच वर्षीं बंगाली नवा करार छापून निघाला. पीक आलें तेव्हां भाकरी तयार होती. मराठी नवा करारही त्याच छापखान्यांतून १८११ सालीं निघाला.

परंतु त्याच घरांत दुसरें दुःख होतें. १७९४ सालीं केरींचा पांच वर्षांचा मुलगा पीटर वारला, आणि त्यानंतर त्यांची पत्नी डॉरथीबाई हिचें मन भ्रमिष्ट झालें. ती १८०७ सालीं मरेपर्यंत बरी झाली नाहीं. कोणता पति अशा वेळीं प्रार्थना करणार नाहीं? एकाच मनुष्याच्या एका प्रार्थनेचें उत्तर सात वर्षांनीं मिळालें, आणि दुसरीचें ह्या जगांत दिसलें नाहीं. असें कां, हें मी सांगूं शकत नाहीं, आणि कोणी उपदेशकानें सांगण्याचा आव आणूं नये. दुःखी मनुष्याला "तुझा विश्वास कमी आहे" असें म्हणणें सोपें आहे, पण तें ईयोबाच्या मित्रांचें काम आहे.

५. आपण काय करावें?

रोज नेमलेल्या वेळीं प्रार्थना करावी. जें पाहिजे तें स्पष्ट मागावें, आणि शेवटीं तें देवाच्या हातीं ठेवून उठावें. मग त्या दिवशीं आपल्या हातून होण्यासारखें जें काम असेल तें करावें.

हेंच मीं पुढें त्या बाईला सांगितलें. ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मुलगा गेला तो सुनेमुळें, असें मी म्हणत आलें. ती माहेरीं बसली आहे, नातूही तिकडेच आहे." दुसऱ्या आठवड्यांत ती स्वतः जाऊन सुनेला घेऊन आली. मुलगा अजून आलेला नाहीं. तिघें रात्रीं त्याचें नांव घेऊन प्रार्थना करितात. पूर्वी ती एकटी करीत असे.

उपदेशकांनीं मंडळीस विचारावयाचे प्रश्न :

१. देव व दाखल्यांतील न्यायाधीश ह्यांत काय भेद आहे?
२. हन्नेचा नवस आणि आपल्या गांवांतील नवस ह्यांत काय अंतर आहे? तिला शांति केव्हां मिळाली?
३. आपण जी गोष्ट मागत आहों, तिच्यासाठीं आज आपल्या हातून काय होण्यासारखें आहे?
४. ज्याच्या प्रार्थनेचें उत्तर दिसत नाहीं, अशा शेजाऱ्याचें समाधान आपण कसें करावें? काय बोलूं नये?