व्यवस्थापन पदवीधर आणि गावची मुले : व्यवसाय मार्गदर्शनाचा एक विचार

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? शहरातील सुशिक्षित कुटुंबात या प्रश्नाचे उत्तर द्यावयास एखादा काका, मामा किंवा शेजारी असतो. ठाणे जिल्ह्यातील तारोडीसारख्या गावात तो असेलच असे नाही. भाईंदरच्या पश्चिमेस डोंगरी-उत्तन परिसरात वसलेले हे गाव आज 2002 साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. परंतु हद्द बदलली म्हणून घरातील ओळखीपाळखी बदलत नाहीत. माहिती आज भ्रमणध्वनीवर मुबलक मिळते. उणीव आहे ती माहिती पारखून देणाऱ्या माणसाची.

ही उणीव भरून काढण्यास व्यवस्थापन शिक्षण घेतलेले तरुण पुढे येऊ शकतात, आणि तसे ते येणे उचितही आहे. पवईची राष्ट्रीय औद्योगिक अभियांत्रिकी संस्था केंद्र शासनाने 1963 साली स्थापन केली. 2023 मध्ये तिचे भारतीय व्यवस्थापन संस्था, मुंबई असे रूपांतर झाले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था 1965 सालची. अशा संस्थांच्या उभारणीत समाजाचा पैसा आहे. तेथील पदवीधराने आपल्या ज्ञानाचा काही अंश विनामूल्य परत करावा, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

या दिशेने झालेला एक प्रयोग पश्चिम रेल्वेच्या याच मार्गावर, अंधेरी येथे पाहावयास मिळतो. भारतीय विद्या भवनाच्या एस. पी. जैन व्यवस्थापन संस्थेने (स्थापना 1981) ‘अभ्युदय’ या उपक्रमातून आपल्या विद्यार्थ्यांना परिसरातील गरीब वस्त्यांतील शाळकरी मुलांचे मार्गदर्शक केले. या मुलांना तेथे ‘सितारा’ म्हणतात. मार्गदर्शक त्यांच्या घरी जातो, पालकांशी बोलतो. व्यासपीठावरून दिलेल्या भाषणापेक्षा ही गृहभेट मोलाची, कारण मुलाला अभ्यासास जागा आहे की नाही हे भाषणात कळत नाही. मात्र येथे मार्गदर्शक स्वतःच विद्यार्थी असतो आणि शिक्षण पूर्ण होताच तो नोकरीच्या गावी निघून जातो. नोकरीत स्थिरावलेल्या पदवीधराचा उपयोग होतो तो नेमका येथे.

अर्धवट मार्गदर्शनाचा धोका

जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांनी अमेरिकेतील स्वयंसेवी मार्गदर्शनाचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. ज्या मुलांचा मार्गदर्शकाशी संबंध वर्षभर किंवा अधिक टिकला त्यांना सर्वाधिक लाभ झाला. ज्यांचा संबंध तीन महिन्यांच्या आत तुटला त्यांचा स्वतःविषयीचा विश्वास उलट घटला. म्हणजे उत्साहाने येऊन दोन भेटींनंतर नाहीसा होणारा स्वयंसेवक निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक ठरू शकतो. शाळेने प्रथम विचारावे ते एवढेच : वर्षभर याल काय?

कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 135 अन्वये ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्च करावयाचे असतात. परंतु कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैशात रूपांतर करून तो या खर्चात धरता येत नाही, असा केंद्र शासनाचा खुलासा आहे. त्यामुळे कंपनीने कर्मचाऱ्यांची तुकडी पाठविली तरी ‘वर्षभर’ या प्रश्नाचे उत्तर त्या त्या व्यक्तीनेच द्यावयाचे आहे.

कोणी काय सांगावे

व्यवस्थापन पदवीधराला सर्वच ठाऊक असते असा भ्रम बाळगू नये. आय.टी.आय. पूर्ण केल्यावर तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो, जात वैधता प्रमाणपत्रासाठी आधीपासून अर्ज करावा लागतो, शिकाऊ उमेदवारीस 1961 च्या अधिनियमाचा आधार आहे : या गोष्टी गावचा शिक्षक त्याच्यापेक्षा अधिक जाणतो. पदवीधराचे बळ निराळे आहे. उमेदवार निवडताना मालक काय पाहतो, मुलाखतीत कशाला महत्त्व असते, नियुक्तिपत्रातील वार्षिक आकडा आणि प्रत्यक्ष हाती येणारे वेतन यांत किती अंतर असते, हे त्याने आतून पाहिलेले असते.

किनाऱ्यावरील मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. जहाजावरील नोकरीचे आमिष दाखवून दलाल पैसे उकळतात. नौकानयन महासंचालनालयाची मान्यता प्रशिक्षण संस्थेस आहे काय, भरती करणाऱ्यास परवाना आहे काय, ही पडताळणी करण्यास फार वेळ लागत नाही. परंतु ती पैसे देण्यापूर्वी करावयाची असते. कराराचा कागद वाचण्याची सवय असलेला मनुष्य शेजारी बसला, तर एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची बचत वाचू शकते.

म्हणून मार्गदर्शक आणि शिक्षक यांची जोडी करावी. भेटी शाळेतच, उघड्या दालनात, शिक्षकाच्या उपस्थितीत व्हाव्यात. गृहभेटीसही शिक्षक बरोबर असावा. बालकांच्या सुरक्षिततेसंबंधीचा 2012 चा कायदा स्वयंसेवकांस आधीच समजावून द्यावा. एका मार्गदर्शकाकडे तीन-चारांहून अधिक मुले देऊ नयेत. गावातील ग्रंथालय किंवा ग्रामपंचायत असलेल्या ठिकाणी तिचे सभागृह यांचाही उपयोग करता येईल.

हे काम निकालानंतर सुरू करून भागणार नाही. तेव्हा प्रवेशाच्या तारखा धावत असतात, आणि दाखल्यांसाठी रांगेत उभ्या असलेल्या मुलाला सल्ला ऐकण्याची उसंत नसते. नववीचे वर्ग जूनमध्ये भरतात; पहिली भेट जुलैत ठेवावी.