हसावं, पण हसण्यावारी नेऊ नये

माहीम (ता. पालघर)

चि. सौ. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू निम्मं हसत आणि निम्मं रडत बोललीस. लॅबमध्ये एसी जोरात, शेजारच्या मुली स्वेटर घालून बसलेल्या आणि तुझा अ‍ॅप्रन घामाने पाठीला चिकटलेला. मोबाइल हरवला म्हणून घर डोक्यावर घेतलंस, तो फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे निघाला. डब्यातल्या भेंडीवरून लेकीला इतकं बोललीस की ती न खाताच क्लासला गेली. हे सगळं रंगवून सांगितलंस. मग फोन ठेवता ठेवता खालच्या आवाजात म्हणालीस, पाळी दहा दिवस झाले थांबत नाही, डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका. सगळ्यात मोठी गोष्ट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू. म्हणून हे पत्र. फोनवर तुझ्या बाजूला घरचं कुणी ना कुणी असतंच, कागदावर आपण दोघीच.

तू पंचेचाळीसची झालीस. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमाराला जाते, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. जाण्याआधीची चार-पाच वर्षं, कुणाला त्याहूनही जास्त, पाळी मागेपुढे होते. कधी दोन महिने दडी मारते, कधी पंधरा दिवसांनी दारात उभी. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन या काळात वरखाली होत कमी होतं. अंगातली उष्णता सांभाळणारं मेंदूतलं केंद्र त्यामुळे फार हळवं होतं, जराशा फरकालाही ते अंग तापलं असं धरून चालतं. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि पाच मिनिटांत तूच थंडीने कुडकुडतेस. कुणाला हे काही महिने होतं, कुणाला सात-आठ वर्षं. रात्री घामाने झोप मोडते, आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी शब्द आठवत नाही, वस्तू भलत्या जागी जाते, राग नाकावर बसतो. तुझं डोकं ठिकाणावर आहे, बाय. तुला झोप हवी आहे.

मी वाणगावच्या शाळेत होते तेव्हाची गोष्ट सांगते. लोकल डहाणूपर्यंत आली ती २०१३ च्या एप्रिलात. त्याआधी आम्हा शिक्षिकांना, नर्सबायांना, कचेरीतल्या बायकांना शटल आणि पॅसेंजर. पालघरला चढायचं, उमरोळी, बोईसर, की वाणगाव. प्रवास तसा लहान, पण लांब पल्ल्याची गाडी पुढे काढायला आमची बाजूला उभी करत आणि मग अर्धा-पाऊण तास तिथेच. त्या वेळात बायकांच्या डब्यात वालाच्या शेंगा सोलल्या जात, लग्नं जुळत, उसनेपासने होत, हळदीकुंकूही होई. आणि पाळीचं बोलणं होई, मोकळं, मोठ्या आवाजात, कारण डब्यात पुरुष नव्हता. ऐन डिसेंबरात एखादी बाई एकदम उठून खिडकी वर करायची. सातपाटीची मासळी घेऊन चढलेली कोळीण लगेच सरकून तिला कडेची जागा द्यायची. पुढे पुढे तर ती जागा ठरूनच गेली. ज्या बाईला वाफा येतात तिची खिडकी. नवीन लग्न झालेल्या मुली थंडीने कुरकुरल्या की म्हाताऱ्या म्हणायच्या, पोरींनो, तुमचाही नंबर येईल, आत्ता शाल घ्या. सगळा डबा हसायचा आणि जिला घाम फुटलेला असे तीही हसायची.

आजही मला वाटतं, आम्हाला या वयात त्या डब्याने जेवढं सांभाळलं तेवढं घराने सांभाळलं नाही. ज्या गोष्टीची घरात लाज वाटायची तिच्यावर तिथे हसता यायचं, आणि हसता हसता ती लाज जायची. तुलाही असा एक डबा हवा. कंपनीच्या बसमध्ये असेल, सोसायटीच्या गच्चीवर असेल, कुठेही. लॅबमधल्या मुली हसल्या म्हणून रडू नकोस. त्यांना सांग काय होतंय ते. एकीच्या तरी आईला हेच होत असणार.

पण त्याच डब्यात आमची एक सोबतीण होती. तिला अंगावर खूप जायचं. विचारलं की म्हणायची, जायच्या आधी सगळा हिशेब एकदम चुकता करतेय. आम्ही सगळ्या पोट धरून हसायचो. असे कित्येक महिने गेले. एक दिवस ती पालघरच्या पुलावरच बसली, जिना उतरवेना. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या खाली, रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की पांडुरोग धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायका त्यात सापडल्या. मुळातच रक्त कमी, त्यात या वयातलं जाणं. म्हणून तुला कळकळीने सांगते, घाम, विसरभोळेपणा, राग यांच्यावर खुशाल हस. रक्तावर हसू नकोस. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, मोठ्या गाठी पडणं, आठवड्याच्या वर जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, यातलं काहीही झालं तर डॉक्टर. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा नुसता डाग दिसला तरीही, त्याच आठवड्यात.

आता पिशवीचं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं प्रकरण सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. ऐन उमेदीतल्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली होती. पाळीत खाडा झाला की मुकादम दंड लावतो, आणि डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो, म्हणून. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आपल्या पालघर-बोईसरकडे ऊस नाही, पण ‘मुलं झाली ना, मग आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य इथेही सर्रास ऐकू येतं, आणि बायकाच बायकांना म्हणतात याचं मला वाईट वाटतं. काढावी लागते तेव्हा काढावीच. कॅन्सर असेल, फार मोठी गाठ असेल, अंग बाहेर येत असेल, औषधांनी काही केल्या थांबत नसेल, तर घाबरायचं कारण नाही. पण ती पहिली पायरी नव्हे. आधी सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड. तुझ्या वयात अस्तराचा तुकडा काढून तपासायला सांगतात, तो तपासून घे. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. लहानसहान गाठी पाळी गेल्यावर बहुधा आपसूक आकसतात. आणि शस्त्रक्रिया ठरलीच तर स्पष्ट विचार, अंडाशय ठेवणार की काढणार? दोन्ही अंडाशयं काढली की जे चार-पाच वर्षांत सावकाश व्हायचं ते एका रात्रीत होतं, हाडांना आणि हृदयालाही ते जड जातं. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतलं म्हणून पहिल्याचा अपमान होत नाही. मोठ्या उपचाराला आपली माणसं सिल्वासा, वलसाड, मुंबई गाठतातच, मग मत घ्यायला एक दिवस का मोडू नये?

एक नाजूक गोष्ट, पण मोठ्यांनी सांगायलाच हवी. पाळी सलग बारा महिने आली नाही तरच ती गेली म्हणायची. तोवर दिवस राहू शकतात. आमच्या आजीच्या काळी सासू आणि सून एकाच घरात, एकाच महिन्यात बाळंत व्हायच्या. काका पुतण्याहून धाकटा, दोघे एकाच पाटीवर शिकायचे. ऐकायला गंमत वाटते, त्या सासूला काय वाटलं असेल ते वेगळं. तेव्हा जावईबापूंना सांग आणि दोघांनी मिळून काळजी घ्या.

जावयांना तसंही सगळंच सांग. पुरुष वाईट नसतात, त्यांना कळत नाही, कारण आपण ‘काही नाही, जरा डोकं दुखतंय’ असं म्हणतो. तो बिचारा बाम आणून देतो आणि वर आपण चिडतो. रात्री खिडकी उघडी का हवी, मध्येच उठून तू ओट्याशी पाणी पीत का उभी असतेस, जवळ येणं कधी कधी का दुखतं, हे त्याला शब्दांत सांग. त्या दुखण्यावरही साधं मलम मिळतं, ते बाईडॉक्टरला विचारायला लाजू नकोस.

लेकीलाही सांग. एका घरात एकीची पाळी नुकती सुरू झालेली, दुसरीची जायला निघालेली, आणि दोघींचा पारा एकाच दिवशी चढलेला. भांडण होणारच. पण तिला कारण माहीत असलं तर ती ते मनात साठवून ठेवणार नाही. आणि ती जेव्हा पंचेचाळिशीची होईल तेव्हा तिला कुणाकडे खालच्या आवाजात बोलावं लागणार नाही.

खाण्याचं थोडक्यात. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, पाळी गेल्यावर १२०० धरलं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशेच्या वर मिळतं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याची नाचणी बाजारात असते. सुका जवळा, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी, तीळ, दही हे सोडून पावडरचे डबे कशाला? गोळी डॉक्टर देतील तर घे. सकाळचं ऊन घे, चाल. जेवणावर लगेच चहा नको, अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

उरलं कामाचं. तू म्हणालीस, गाऊन, टोपी, मास्क चढवून आत गेलं की जीव जाईल असं वाटतं, पण सुपरवायझरला कसं सांगू. आपल्या बोर्डीची गोष्ट आठव. ताराबाई मोडक १९४५ साली तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र घेऊन आल्या तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या, सोबत ३५ वर्षांच्या अनुताई वाघ. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली पोरं गुरं वळायला जातात, शाळेत येत नाहीत, तर शाळा कुरणात नेली. पाड्यातल्या अंगणात नेली, आणि तो अंगणवाडी शब्द आज देशभर चालतो. मूल कुठे आहे ते आधी बघायचं आणि व्यवस्था तिथे न्यायची, हेच मी आयुष्यभर वर्गात धरून राहिले. तू स्वतःसाठी ते का धरू नयेस? कोणत्या वेळी तुला त्रास होतो ते पंधरा दिवस वहीत लिहून ठेव. त्या वेळचं आतलं काम दुसऱ्या एकीकडे जाईल आणि तिचं कागदाचं काम तुझ्याकडे येईल अशी अदलाबदल माग. वीस वर्षं काम केलेल्या बाईचं अनुभवी डोकं कंपनीला हवंच असतं. उपकार म्हणून मागू नकोस, कामाची सोय म्हणून माग. घरीही तेच. सासूबाईंच्या गुडघ्याला मालिश, लेकीचा डबा, पाणी यायची वेळ, सगळं पहाटेच तुझ्या एकटीच्या अंगावर का? एक काम जावयांचं, एक लेकीचं, ठरवून टाक. सासूबाई चार दिवस तोंड वाकडं करतील, पाचव्या दिवशी त्याच शेजारणीला कौतुकाने सांगतील.

गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांकडे मी बरोबर येते. सकाळच्या डहाणू लोकलने बोईसरला उतरेन, स्टेशनवर येऊ नकोस, रिक्षा करीन. आधीचे सगळे कागद एका पिशवीत घाल, गोळ्यांची पाकिटंसुद्धा, आणि विचारायचे प्रश्न लिहून आण, आत गेल्यावर निम्मे विसरतात. त्याआधी चिंचणीला फोन करून वहिनीला, म्हणजे तुझ्या आईला, एक विचारून ठेव, तिची पाळी कितव्या वर्षी गेली? आईची लवकर गेली असेल तर लेकीची लवकर जाण्याचा संभव जास्त असतो, डॉक्टरही विचारतील. दुपारी कर फोन, दादा वाडीत असतो तेव्हा. तो समोर असला की ती ‘झालं की कधीच’ म्हणून विषय बदलते.

जावयांना आशीर्वाद, सासूबाईंना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुझी,
आत्या