मार्चमध्ये किती जण उरतात?

यंदा सायकल क्लबच्या सीझनचं वेळापत्रक तुझ्या गळ्यात पडलंय म्हणे. बरं झालं. तू पाठवलेला तक्ता मी नीट वाचला. ऑक्टोबरात 30 किलोमीटर, नोव्हेंबरात 60, डिसेंबरात 100, जानेवारीत 150 आणि फेब्रुवारीत थेट 200. चढती भाजणी दिसायला झकास आहे, पण अगं, या तक्त्यात माणसं कुठे आहेत?

तूही पाहिलंयस. पाऊस ओसरला की पहिल्या रविवारी भाईंदर पश्चिमेला इतक्या सायकली जमतात की फोटोत मावत नाहीत. मार्चमध्ये तेच सहा-सात नेहमीचे चेहरे उरतात. बहुतेक पुरुष, बहुतेकांच्या सायकली कार्बनच्या. गळतं कोण? नवीन आलेले, हायब्रिडवाले, घरी लहान मूल असलेल्या, आणि ज्यांना ‘थोडं फास्ट चला हां’ असं दोनदा ऐकावं लागलं ते. त्यांचे पाय कमी पडले म्हणून ते गेलेले नसतात. वेळापत्रकात त्यांना जागाच नसते. म्हणून माझं ऐक. यंदाचं ध्येय एकच लिही, ऑक्टोबरात आलेल्यांपैकी मार्चमध्ये किती येतात. किलोमीटरचे रकाने त्याच्या खाली.

आता सुटायच्या वेळेचं बघू. तू सरसकट पहाटे पाच लिहिलंयस. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडे साडेसहाच्या सुमारास उजाडतं, जानेवारीच्या मध्यात सूर्योदय सव्वासातला असतो. म्हणजे थंडीत तू लोकांना दोन तास अंधारात चालवणार. खड्डे दिसत नाहीत, कुत्री अंगावर येतात आणि एकटीने घरापासून जमायच्या जागेपर्यंत यायचं म्हणजे जीव मुठीत. मीरा रोडहून येणारी पोरगी साडेचारला बिल्डिंगच्या गेटातून निघणार, हे तिच्या घरच्यांना सांगायला तू जाणार आहेस का? छोट्या राईड उजाडताना सोड. लांबच्या राईडला अंधारात निघावंच लागतं, तेव्हा वाटेवरच्यांना एकमेकींसोबत आणायची जोडी आदल्या रात्री लावून दे. आणि परत यायची वेळ ठळक लिही. सुटायची वेळ सगळेच लिहितात. ज्या बाईला दहाला घरी पोचून सगळ्यांचा नाश्ता बघायचाय, तिला ‘साधारण दुपारपर्यंत’ असं सांगितलंस की ती पुढच्या रविवारी येत नाही. घरातल्या बाकीच्यांनी नाश्ता करायला शिकावं, हे माझंही मत आहे; पण तो ठराव आपल्या क्लबच्या सभेत पास होत नसतो.

दुसरं जरा कानात सांगायचंय. राईड आखताना आधी बाथरूम आख, मग वडापाव. पुरुष हायवेला कुठेही थांबतात. आपल्या बायका काय करतात? पाणीच पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून कमी, राईडमध्ये घोटभर. मग साठाव्या किलोमीटरला डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात, पुढे लघवीची जळजळ, आणि ग्रुपवर मात्र ‘स्टॅमिना कमी पडला’ असं येतं. प्रत्येक रस्त्याची रेकी कर आणि रेकीला एक तरी बाई सोबत ने. पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं, किल्ली मागायला लाजू नको. दर वीस-पंचवीस किलोमीटरला एक बरी जागा हवी. नाही सापडली, तर तो रस्ता कितीही सुंदर असो, क्लबच्या यादीतून काढ.

याच ओघात नव्या मुलींना बाजूला घेऊन सांगून टाक. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. शिवण घासते, फोड येतात आणि चार दिवस बसवत नाही. सीट टोचते म्हणून जाड जेलचं कव्हर घेऊ नका, आपल्या बैठकीच्या हाडांच्या रुंदीची सीट बघा. पाळीच्या दिवसांत यायचं की नाही, हे जिचं तिने ठरवावं, पण आलीच तर राईडच्या मागून येणाऱ्या गाडीत पॅडचा एक डबा ठेवलाय, हे तिला आधीच माहीत असू दे. क्लबच्या नियमावलीत यातलं काही नसतं, म्हणून कितीतरी जणी पहिल्याच महिन्यात ‘सायकल आपल्याला झेपत नाही’ म्हणून सोडून देतात.

रस्ते आपल्याला कमी नाहीत, फक्त नीट लावून घे. ऑक्टोबर पूर्ण उत्तनला दे. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत उत्तन, पुढे गोराईकडे. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. केशवसृष्टीच्या बाजूचा चढ गियर शिकवायला पुरेसा आहे. कोणी चढावर उतरून ढकललं तर ढकलू दे. सकाळी वारा बहुधा जमिनीकडून असतो, तो जाताना पाठीशी येतो. दिवस तापला की समुद्रावरून सुटतो आणि परतताना ढकलतो. नवख्यांना याच रस्त्यावर आपण बरे चालवतो असं वाटायला लागतं. तेवढं वाटू दे त्यांना. पण एक लक्षात ठेव, रविवारी सकाळी तिथल्या गावांत लोक मिसाला निघालेले असतात. चर्चच्या समोर घोळका करून फोटो काढायचे नाहीत, वेग पाडून एका ओळीत निघायचं. बांबूवर बोंबील वाळत घातलेले असतात, त्यांना सायकली टेकवायच्या नाहीत. आणि त्या रस्त्यावर स्ट्राव्हा ॲपवरच्या मुकुटासाठी मान खाली घालून सुसाट जाणाऱ्यांना तू पहिल्याच दिवशी दम दे. तो लोकांच्या दारातून जाणारा रस्ता आहे.

नोव्हेंबरात वसई. फेब्रुवारी 2024 पासून भाईंदर-वसई रो-रो सुरू झाली, त्याचा आपल्याइतका फायदा कुणालाच नाही. हायवेने वळसा घालून जायचं तर अडतीसेक किलोमीटर, खाडीतून साडेतीन. ट्रकांची संगत न करता तू लोकांना थेट किल्ल्याजवळ उतरवतेस. तिथून निर्मळ, अर्नाळ्याकडे वाड्यांमधले रस्ते सपाट आणि सावलीचे. फेरीचं वेळापत्रक मात्र आदल्या दिवशी स्वतः बघून घे, आणि शेवटची परतीची बोट चुकली तर काय, हेही ठरवून ठेव.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसईला राईड ठेवायचा मोह होईल, नाताळची रोषणाई, गोठे, सगळं असतं. ठेव, पण संध्याकाळची, छोटी, घरच्यांना घेऊन. तो एक दिवस तरी मुलांना पुढच्या सीटवर बसवणाऱ्यांचा असू दे.

त्यानंतर वज्रेश्वरी. वरसाव्याचा पूल ओलांडून हायवेने शिरसाड फाटा, तिथे उजवीकडे वळून पारोळमार्गे. जाऊन-येऊन ऐंशीच्या आसपास. या राईडला एक गोष्ट सांगायची सोय आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेवर जाताना वज्रेश्वरीला नवस केला आणि 1739 मध्ये किल्ला घेतल्यावर देऊळ बांधलं, असं सांगतात. नोव्हेंबरात तुझ्या लोकांनी किल्ला पाहिलेला असेल, आता नवसाचं ठिकाण बघतील. देवळाच्या पायऱ्या क्लिटचे बूट काढून चढायला सांग, नाहीतर कुणीतरी घसरतंच. अकलोलीच्या गरम कुंडांत पाय सोडून बसायला अर्धा तास राखून ठेव. वेळ वाया जातोय असं एखादा म्हणेल, त्याला पुढे जाऊ दे.

घोडबंदर रोडचं विचारलंस. फाउंटनहून गायमुखाकडचा घाट छोटा आहे, झाडी आहे, चढाचा सराव म्हणून सगळ्यांना मोह होतो. मी तो क्लबच्या यादीत घेणार नाही. अवजड गाड्या, अरुंद वळणं आणि सतत निघणारी दुरुस्ती. दोन तरबेज माणसांनी आपल्या जबाबदारीवर जावं. वीस जणांना घेऊन नाही.

हायवेवर गट आठाचा, त्याहून मोठा नको. दोन गटांत पाच मिनिटांचं अंतर. पुलावर एका ओळीत, कारण खाडीवरचा वारा आडवा येतो. पुढचा कोण यावरून भांडणं होतात, त्यात तू पडू नको. तू मागचा कोण ते ठरव. या मागच्या जागेला, म्हणजे स्वीपला, सगळ्यात ताकदीचा माणूस हवा. पंक्चर काढता येणारा, चेन जोडता येणारा, आणि मुख्य म्हणजे ‘अजून किती राहिलं’ या प्रश्नाला न वैतागता उत्तर देणारा. आपल्याकडे नेमका नवशिक्याला मागे ठेवायचा प्रघात पडलाय, तो मोड. आणि पुढचे लोक चहाला थांबले, मागचे पोचले की पुढचे लगेच निघाले, असं होऊ देऊ नको. ज्यांना विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच ती सगळ्यात कमी मिळते. शेवटचा गट पोचल्यावर पंधरा मिनिटं मोजायची, असा नियमच कर.

आता घरातलं कॅलेंडर आणि तुझा तक्ता शेजारी ठेव. दिवाळीचा रविवार कोरा सोड, अर्धी मंडळी गावी. संक्रांतीच्या आधीचा आठवडा तर सायकल घरातच बरी. नायलॉनचा मांजा गळ्याशी आला तर दिसतही नाही. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते, आपले निम्मे लोक तिकडे धावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी. ज्या घरात बोर्डाची परीक्षा, तिथली आई तुझ्या 200 ला येणार नाही, म्हणून मोठी राईड त्याआधी उरकून घे. रमजान सध्या फेब्रुवारीच्या आसपास येतोय. नयानगरच्या आपल्या मुलांना विचार, सहेरीनंतर छोटी फेरी मारायचीय की महिनाभर सुट्टी हवीय. तू त्यांच्या वतीने ठरवू नको. आणि आपल्याकडे जैन मंडळी किती आहेत! जे नवकारशी पाळतात, ते सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं तोंडात पाणीही घेत नाहीत. जानेवारीत ती वेळ आठपर्यंत जाते. तुझा चहाचा थांबा पावणेआठला असेल तर ते बिचारे सायकलीला टेकून उभे राहतात. सव्वाआठ कर, कुणाचं काही अडत नाही.

200 किलोमीटरचं म्हणशील, तर ते क्लबचं ध्येय नको, ज्याचं त्याचं असू दे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम शर्यत जोडीने पूर्ण केली, नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये एकट्याने. पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत सायकलवर जगप्रदक्षिणा करून आली. ही नावं कुणीतरी पहिल्या मीटिंगला घेणारच, आणि अंगावर काटा येतोच. पण त्या भरात सगळ्यांची नावं बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, घालू नको. ज्यांना जायचंय त्यांना हिशेब नीट समजावून दे. 200 ला साडेतेरा तास मिळतात. विसाच्या वेगाने चालवलं तर दहा तास सायकलवर आणि साडेतीन तास थांबायला. म्हणजे विसाचा वेग पुष्कळ झाला. लोक हरतात ते थांब्यांवर, गप्पांत आणि पंक्चरात. पुढचा-मागचा दिवा, चमकणारं जॅकेट आणि हेल्मेट नसेल तर सुरुवातीलाच अडवतात, तेव्हा ते सगळं घालून एक सराव राईड मनोरपर्यंत कर. शंभराच्या थोडं वर होतं. ज्याने ती करून दुसऱ्या दिवशी ऑफिस गाठलं, तो 200 करतो असा माझा अंदाज. त्याला 300, 400, 600 एका वर्षात जोडून सुपर रँडोनर व्हायचं वेड ज्यांना लागेल, ते तुला न विचारता जातील.

बाकीच्यांना वेगळी ध्येयं दे. एकीने स्वतः पंक्चर काढायचं. एकाने सलग चार रविवार चुकवायचे नाहीत. कुणी पहिल्यांदा हायवेवर यायचं, कुणी सासूला रो-रोने वसईला घेऊन यायचं, बाकीचा रस्ता ती बसने, आपण सायकलने. ऑक्टोबरच्या पहिल्या राईडनंतर प्रत्येकाकडून कागदावर लिहून घे आणि ते कागद तुझ्याकडेच ठेव, ग्रुपवर टाकू नको. तुलना सुरू झाली की संपलं. दर चौथा रविवार हलका ठेव. त्या दिवशी जेसल पार्क चौपाटीवर जमायचं, सायकली धुवायच्या, चेनला तेल द्यायचं, आणि जो गेले दोन रविवार दिसला नाही त्याला फोन करायचा. ‘का आला नाहीस’ असं विचारू नको. ‘पुढची राईड कुठे ठेवू’ असं विचार.

तक्ता सुधारलास की पुन्हा पाठव. किलोमीटरच्या शेजारी तीन रकाने वाढव: घरी पोचायची वेळ, बाथरूम, स्वीप. मनोरच्या राईडला स्वीपच्या रकान्यात माझं नाव घाल. आणि पंप तुझा आण, माझ्याचा वॉशर गेलाय.