हिशोब आषाढाचा धर

अगं, विक्रेत्याने तुला सोलर पॅनेलचा आकडा लगेच सांगितला, पण दिवसाला किती युनिट लागतील हे विचारलंच नाही. तिथेच मला धास्ती वाटली. आधी ते आपण काढू.

9 वॅटचे चार दिवे रात्री पाच तास, दोन पंखे आठ-आठ तास, मोबाइल, लॅपटॉप. पंखे बीएलडीसीच घे. ते तीसेक वॅटवर चालतात, साध्याला पंचाहत्तर लागतात. हे सगळं मिळून 0.8 युनिट. छोटा फ्रिज आला की आणखी एक. इन्व्हर्टरमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरून सव्वादोन. गिझर आणि इंडक्शन यात आणूच नकोस, माझं ऐक. आंघोळीला बंब, स्वयंपाकाला गॅस.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात एक किलोवॅटची पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतील. पण तू जागा घेतलीस ताम्हिणीत! तिथे जुलैत ढग डोंगरावरून हलत नाहीत; त्याच पॅनेलमधून एखाद्या दिवशी एक युनिटही निघणार नाही. म्हणून दोन किलोवॅट बसव. पॅनेल आता स्वस्त झालीत, तिथे हात आखडू नकोस.

बॅटरीचं मात्र नीट ऐक. 12 व्होल्ट, 150 एएचची ट्युब्युलर दाखवतील. तिच्यात मावतात 1.8 युनिट, आणि ती टिकावी असं वाटत असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. शिवाय वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीही हवेशीर हवी. तू जाणार सुट्टीला, मग तिच्याकडे बघणार कोण? लिथियम आयर्न फॉस्फेट घे. 24 व्होल्ट, 200 एएच म्हणजे जवळपास 5 युनिट, त्यातली साडेचार वापरता येतात. दोन दिवस झाकोळलं तरी भागेल. आठवडाभर ऊन नाही पडलं तर फ्रिज बंद ठेव. तेवढ्यासाठी बॅटरी दुप्पट करणं मला पटत नाही.

सबसिडीच्या मोहात पडू नकोस. 2024 ची पीएम सूर्यघर योजना वीजजोडणी असलेल्या घरांसाठी आहे, आणि त्यातला साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाइन नसली की बंदच पडतो. तुझ्याकडे तर खांबच पोचलेला नाही. ऑफ-ग्रिड, प्युअर साइन वेव्ह असंच स्पष्ट माग, आणि 3 केव्हीएचा घे. विहिरीवरचा अर्ध्या एचपीचा पंप सुरू होताना कितीतरी पट ओढतो.

वळवाच्या विजा तिथे भयंकर. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर यांत पैसे वाचवू नकोस, बाई. कोटेशनमध्ये ते वेगळे लिहून घे.

पॅनेलची तोंडं दक्षिणेला, उतार अठरा-वीस अंशांचा. आणि तो दक्षिणेचा आंबा? हिवाळ्यात सूर्य खाली असतो, सावली लांबते, आणि एका पॅनेलवर पडली तरी सगळ्या माळेची वीज घटते. तो आंबा तोडू नकोस हं. पॅनेल मागच्या पडवीवर बसतात का, ते आधी मोजून मला कळव.