दादीजानचा ब्रश

माझ्या दादीजानना संधिवात आहे. त्यांची बोटे नीट वळत नाहीत. साधा ब्रश त्यांच्या हातातून निसटतो. म्हणून दातांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने अब्बांनी त्यांना विजेवर चालणारा ब्रश आणून दिला. त्याचा दांडा जाड होता, त्यामुळे तो मुठीत सहज बसे. दादीजान खूश झाल्या. "आता दात घासायला मला कुणाची मदत नको," असे त्या सर्वांना सांगत.

सुरुवातीला एकदा चार्ज केलेला ब्रश दोन आठवडे चाले. वर्षभराने मात्र तो चार दिवसांतच बंद पडू लागला. एके सकाळी दात घासता घासता तो मध्येच थांबला. "राहू दे बेटा, माझ्यासाठी आता नवा खर्च नको," दादीजान म्हणाल्या. मला फार वाईट वाटले.

मी तो ब्रश शाळेत नेला आणि विज्ञानाच्या सरांना दाखवला. सरांनी तळाशी लिहिलेली अक्षरे वाचली.

"यात लिथियम-आयन बॅटरी आहे. घरी हा कुठे ठेवता?" त्यांनी विचारले.

"न्हाणीघरात, गीझरजवळ. वापरून झाला की लगेच चार्जरवर," मी म्हणाले.

"म्हणजे रात्रंदिवस चार्जरवरच! बॅटरी भरली की चार्जिंग आपोआप थांबते, हे खरे. पण सतत काठोकाठ भरलेली आणि गरम जागी ठेवलेली बॅटरी लवकर झिजते. चार्ज करताना लिथियमचे आयन एका विद्युतअग्राकडून दुसऱ्याकडे जातात. वापरताना ते परत येतात. या ये-जा करण्यात थोडे आयन कायमचे अडकतात. उष्णतेमुळे हे नुकसान वाढते."

"सर, अब्बा म्हणतात, बॅटरी पूर्ण संपल्यावरच चार्ज करावी."

"तो नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. लिथियम-आयन बॅटरी 1991 साली बाजारात आली. तिला पूर्ण रिकामे होणे मानवत नाही. थोडी शिल्लक असतानाच चार्ज करावी."

मैत्रिणीने विचारले, "सर, या ब्रशला पिन नाही. मग वीज आत कशी जाते?"

"चार्जरमध्ये तारेचे वेटोळे आहे आणि ब्रशमध्येही. एकातील बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे दुसऱ्यात वीज निर्माण होते. हा शोध मायकेल फॅरेडे यांनी 1831 साली लावला. यात थोडी उष्णताही निर्माण होते. म्हणून काम झाले की ब्रश चार्जरवरून काढावा."

मग सरांनी ब्रशचे डोके काढले. आतल्या दांडीभोवती पेस्टचा थर वाळून घट्ट बसला होता. "ब्रश दातांवर जोरात दाबता का?" त्यांनी विचारले.

मी मान खाली घातली. दादीजानना मदत करताना मीच तो दाबत असे.

"दाबल्याने मोटरवर भार येतो, ती जास्त वीज खाते आणि हिरड्याही दुखावतात. ब्रश दातांना नुसता टेकवावा. मात्र एक लक्षात ठेव. बॅटरीची गेलेली ताकद परत येत नाही. राहिलेली तेवढी सांभाळता येते."

घरी येऊन मी सारे सांगितले. दादीजान हसल्या. "माझ्या बोटांसारखीच आहे म्हणायची ही बॅटरी!"

आता ब्रश खोलीतल्या फळीवर असतो. आम्ही रोज त्याचे डोके काढून धुतो आणि दांडी पुसतो. तो पुन्हा दोन आठवडे काही चालला नाही. पण चारऐवजी सहा दिवस चालू लागला. पाचव्या दिवशी चार्ज करण्याची आठवण दादीजानच करून देतात.

कधीतरी ही बॅटरी संपेलच. तेव्हा ती कचऱ्यात टाकायची नाही, कारण दबली तर ती पेट घेऊ शकते. ती ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायची, हेही आम्ही ठरवले आहे. तोवर मात्र दादीजान आपले दात आपल्याच हातांनी घासतील.

शब्दार्थ
काठोकाठ – अगदी वरपर्यंत
झिजणे – हळूहळू कमी होणे
मानवणे – सोसणे, अनुकूल होणे
वेटोळे – गोल गुंडाळी

स्वाध्याय
1. दादीजानना साधा ब्रश का वापरता येत नव्हता?
2. ब्रश लवकर बंद पडण्याची तीन कारणे लिहा.
3. 'माझ्या बोटांसारखीच आहे म्हणायची ही बॅटरी!' असे दादीजान का म्हणाल्या?
4. खर्च, शिल्लक, ताकद, मदत हे शब्द वाक्यांत वापरा. यांपैकी कोणते शब्द उर्दूतही आहेत ते सांगा.